दार उघडले, पण दिवा लागला नाही : जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील आतल्या दिव्यांचे दुखणे

जुन्या मोटारीचे इंजिन बिघडले की मालक अस्वस्थ होतो, ब्रेक बिघडले की धास्तावतो. आतला दिवा बिघडला तर मात्र तो ही गोष्ट हसण्यावारी नेतो. दार उघडताच लागणारा पाच-दहा वॉटचा तो दिवा नसला म्हणून गाडी थांबत नाही, हे खरेच. पण हे दुर्लक्ष पुढे महागात पडते. न लागणारा दिवा केवळ गैरसोय करतो. न विझणारा दिवा बॅटरीचा बळी घेतो. आणि या दोहोंवरचा उपाय म्हणून घाईघाईने बसवलेला भलताच फ्यूज कधीकाळी सबंध गाडीच धोक्यात आणतो.

अशा गाडीची दुरुस्ती बहुधा एका ठरलेल्या क्रमाने होते. आधी बल्ब बदलला जातो. दिवा लागला नाही, तर फ्यूज बदलला जातो. तरीही अंधार राहिला, तर ‘जुनी गाडी आहे, सगळे वायरिंगच नवे टाकू’ असा सल्ला मिळतो आणि मालक तो निमूटपणे मान्य करतो. वास्तविक पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीतील आतल्या दिव्याचे सर्किट हे त्या गाडीतील सर्वांत साध्या सर्किटांपैकी एक असते. त्यात दोष शोधायला महागडे उपकरण लागत नाही. लागते ते एवढेच, की वीज दिव्यापर्यंत कशी येते यापेक्षा ती दिव्यातून परत कशी जाते, याकडे आधी पाहायचे. बहुसंख्य बिघाड या परतीच्या वाटेवर असतात.

परतीची वाट

घरातील दिव्याचे बटण विजेच्या येणाऱ्या तारेवर असते. बटण बंद असले की वीज दिव्यापर्यंत पोहोचतच नाही. साठ-सत्तरच्या दशकांतील बहुतेक मोटारींत दारावरच्या दिव्याची रचना याच्या नेमकी उलट असते. बॅटरीकडून निघालेली वीज फ्यूजमधून थेट दिव्यापर्यंत येऊन चोवीस तास उभी असते. दिव्याच्या दुसऱ्या टोकाकडून निघालेली तार दाराच्या खांबातील एका लहानशा खटक्यापर्यंत जाते. दार मिटलेले असताना खटका दाबलेला असतो आणि वाट तुटलेली असते. दार उघडले की स्प्रिंगमुळे खटका बाहेर येतो, तार गाडीच्या लोखंडी बॉडीला टेकते आणि दिवा लागतो. बॅटरीचे दुसरे टोक जाड पट्ट्याने त्याच बॉडीला जोडलेले असते. म्हणजे गाडीचा पत्राच येथे परतीच्या तारेचे काम करतो. यालाच आपले ऑटो इलेक्ट्रिशियन ‘अर्थ’ म्हणतात.

ही उलटी रचना कारखानदारांनी उगाच केली नाही. दोन दारांसाठी दोन खटके लागतात. ते दोन्ही एकाच तारेवर बसवता येतात, आणि प्रत्येक खटक्याला एकच तार पुरते, कारण दुसरे टोक म्हणजे खटक्याचे स्वतःचे धातूचे अंग असते. तांबे वाचते, मजुरी वाचते. त्या काटकसरीची किंमत मालकाला तीस-चाळीस वर्षांनी मोजावी लागते. दाराच्या खांबाजवळचा पत्रा हाच नेमका पावसाचे पाणी झिरपण्याचा, रंगाचे थर चढण्याचा आणि गंज धरण्याचा भाग असतो. कापडी छताच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये तर काच आणि छत यांच्या सांध्यातून पाणी आत येणे जवळजवळ गृहीतच धरलेले असते. त्यात आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि समुद्रावरून येणारी खारी हवा. पितळेच्या टोकांवर जमणारी हिरवट पूड किनाऱ्यावरच्या प्रत्येक गाडीवाल्याने पाहिलेली असते.

आधी हॉर्न वाजवा

एक ठोस उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही जगातील सर्वाधिक खपलेल्या स्पोर्ट्‌स कारपैकी एक. पाच लाखांहून अधिक एमजीबी रस्त्यावर आल्या. तिची विद्युत व्यवस्था लुकास कंपनीची. लुकासच्या दिव्यांवरून इंग्रजांनी इतके विनोद केले, की त्या कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ असे नावच पडले. हा विनोद अर्धाच खरा आहे. लुकासचे सांधे आणि खटके काळाला पुरे पडले नाहीत हे मान्य; पण तिच्या तारांच्या रंगांची पद्धत इतकी शिस्तबद्ध होती, की नकाशा हाती नसतानाही जाणता माणूस रंग पाहून सर्किट ओळखतो. तपकिरी तार म्हणजे बॅटरीकडून फ्यूजविना आलेली वीज. हिरवी म्हणजे किल्ली फिरवल्यावर फ्यूजमधून येणारी. काळी म्हणजे अर्थ. आणि जांभळी म्हणजे किल्ली असो वा नसो, फ्यूजमधून सदैव येणारी वीज. आतला दिवा या जांभळ्या तारेवर असतो आणि दिव्यापासून दाराच्या खटक्यापर्यंत जाणाऱ्या तारेवर जांभळ्यावर पांढरी रेघ असते.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. ॲम्बॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच वंशज, आणि चेन्नईच्या लुकास-टीव्हीएसने विद्युत भाग भारतीय मोटारींना वर्षानुवर्षे पुरवले. ॲम्बॅसेडरच्या तारांत हात घातलेला जुन्या पिढीचा इलेक्ट्रिशियन एमजी किंवा ट्रायम्फ पाहून बिचकत नाही. अशी माणसे आता विरळ होत चालली आहेत, एवढेच.

एमजीबीच्या जांभळ्या तारेवर आतल्या दिव्यासोबत हॉर्नही असतो. म्हणून दिवा लागत नसेल, तर पान्हा किंवा पेचकस हाती घेण्याआधी हॉर्न वाजवावा. हॉर्न वाजला तर फ्यूज शाबूत आहे. अर्धा शोध बसल्या जागी संपला. हॉर्नही मुका असेल, तर मात्र फ्यूजपेटीकडे वळावे. जुन्या काचेच्या नळीचे फ्यूज दिसायला चांगले असूनही टोपणाशी तुटलेले असतात आणि त्यांना धरणाऱ्या पितळी चिमट्यांवर काळा थर चढलेला असतो. फ्यूज काढून, चिमटे बारीक पॉलिश पेपरने घासून, किंचित दाबून पुन्हा बसवले की कित्येक ‘मेलेले’ दिवे जिवंत होतात. इतर कोणत्याही गाडीत हेच तत्त्व चालते : त्या फ्यूजवर आणखी काय काय आहे ते पाहावे आणि ते चालते का हे आधी तपासावे.

आणखी एक साधी गोष्ट. दिव्याच्या अंगावर बहुधा स्वतःचे बटण असते. त्याला तीन अवस्था असतात : कायम बंद, दारानुसार, कायम चालू. गाडी धुताना कोणाचा हात लागून ते ‘कायम बंद’वर गेलेले असेल, तर पुढचा सारा खटाटोप व्यर्थ. उलट ‘कायम चालू’वर दिवा लागतो आणि ‘दारानुसार’वर लागत नाही, असे दिसले तर बल्ब, फ्यूज आणि जांभळी तार तिन्ही निर्दोष आहेत. दोष खटक्यात किंवा खटक्याकडे जाणाऱ्या तारेत. त्यातही एका दाराने दिवा लागत असेल आणि दुसऱ्याने लागत नसेल, तर दोष त्या दुसऱ्या दाराचाच.

खटका तपासायची रीत अगदी साधी आहे. तो एक-दोन स्क्रूंनी खांबात बसवलेला असतो. स्क्रू काढून खटका अलगद बाहेर ओढावा, आणि लगेच त्याच्या मागच्या तारेला दोरा बांधावा किंवा चिमटा लावावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल. पण तार हातातून निसटून खांबाच्या पोकळीत पडली, की पाच मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार लागते. मग खटक्यावरून तार सोडवून तिचे टोक गाडीच्या स्वच्छ, बिनरंगाच्या धातूला टेकवावे. दिवा लखख लागला, तर दिव्यापासून इथवर सारे ठीक असून खटका किंवा त्याचे बॉडीशी असलेले नाते बिघडले आहे. ही तार दिव्याच्या पलीकडची असल्यामुळे ती बॉडीला टेकवण्यात धोका नसतो. तारेचा रंग उडालेला असेल आणि ती कोणती याची खात्री नसेल, तर मध्ये टेस्ट लॅम्प धरावा. तार योग्य असेल, तर दोन्ही दिवे मंद उजळतील. ती थेट विजेची निघाली, तर फक्त टेस्ट लॅम्प पूर्ण तेजाने लागेल आणि फ्यूजही वाचेल.

खटक्याचे अर्थ ज्या स्क्रूवाटे होते, त्या स्क्रूभोवतीचा रंग हा नेहमीचा संशयित. गाडी रंगकामाला दिली, चकचकीत होऊन आली आणि तेव्हापासून आतला दिवा लागत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. मालक इलेक्ट्रिशियनला बोल लावतो. वस्तुतः रंगाऱ्याने खटक्याच्या भोकातही इमानाने तीन थर दिलेले असतात, आणि रंग विजेला वाट देत नाही. स्क्रूच्या भोकाभोवती रुपयाच्या नाण्याएवढी जागा खरवडून उजळ करावी, स्क्रू घट्ट बसवावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा, म्हणजे उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंज चढणार नाही. खटक्याच्या दांडीवर रबरी टोपी असते. ती फाटली असेल तर बदलावी. आत पाणी शिरते ते तिथूनच.

बारा व्होल्टचा चकवा

येथवर काम भागले नाही, तर मल्टिमीटर बाहेर येतो, आणि तेथेच पुष्कळांची फसगत होते. दिव्याच्या होल्डरमधील टोकाला मीटर लावला, तो बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब नवा आहे. तरीही दिवा लागत नाही. मग नवा बल्बही खराब निघाला असा निष्कर्ष काढून तिसरा बल्ब आणला जातो.

गोम अशी, की डिजिटल मीटरला दाखवण्यापुरता जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह लागत नाही. त्याचा अंतर्गत रोध साधारण एक कोटी ओहम असतो. बारा व्होल्टला तो एका अँपिअरचा जेमतेम दहा लाखावा भाग ओढतो. पाच वॉटच्या बल्बला ०.४२ अँपिअर लागतात, म्हणजे त्याच्या सुमारे साडेतीन लाख पट. गंजलेल्या सांध्यातून किंवा एकाच केसाएवढ्या तंतूवर तगून राहिलेल्या तारेतून मीटरपुरता प्रवाह सहज जातो. बल्बपुरता जात नाही. म्हणून मीटरपेक्षा दहा-वीस रुपयांच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प या कामात अधिक प्रामाणिक साक्षीदार ठरतो. तो खरा भार ओढतो आणि सांधा निकामी असेल तर लागतच नाही.

मीटरचा उपयोग करायचाच असेल, तर तो बल्ब जागेवर ठेवून, दार उघडून, म्हणजे प्रवाह वाहत असताना करावा. ऋण अर्थच्या गाडीत काळे टोक थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे, लाल टोक दिव्याच्या वीज येणाऱ्या बाजूला. बॅटरीवर १२.६ आणि येथे १२.४ असेल, तर येण्याची वाट उत्तम आहे. मग लाल टोक दिव्याच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे खटक्याकडे जाणाऱ्या तारेच्या टोकाला लावावे. येथे आकडा शून्याजवळ हवा, ०.१ किंवा ०.२ पर्यंत चालेल. तो ३ आला, तर तेवढे ३ व्होल्ट परतीच्या वाटेवर वाया जात आहेत. त्यानंतर लाल टोक एकेक टप्पा पुढे न्यावे : खटक्यामागचे टोक, खटक्याचे अंग, खांबाचा पत्रा. ज्या दोन टप्प्यांदरम्यान आकडा एकदम खाली येतो, दोष तेथे.

दिवा लागतो पण पिवळट, मरगळलेला दिसतो, या तक्रारीचे उत्तरही यातच आहे. पाच वॉटच्या तापलेल्या बल्बचा रोध साधारण २९ ओहम. वाटेतल्या गंजाने त्यात केवळ १० ओहमची भर घातली, तरी बल्बच्या वाट्याला नऊ व्होल्टही उरत नाहीत. तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घसरतो, त्यामुळे उजेड जवळपास एक-तृतीयांशावर येतो. असा मंद दिवा दिसला की अधिक वॉटचा बल्ब बसवायचा मोह होतो. तो आवरावा. मोठा बल्ब जास्त प्रवाह मागतो, गंजलेला सांधा अधिक तापतो आणि दिव्याचे प्लॅस्टिकचे आवरण वितळू लागते.

फायबरची बॉडी

आतापर्यंतचे सारे विवेचन बॉडी लोखंडाची आहे, असे धरून केले. पण स्पोर्ट्‌स कारच्या जगात फायबरग्लासची परंपरा मोठी आहे. अमेरिकेची कॉर्व्हेट १९५३ पासून, इंग्लंडची लोटस एलान १९६२ पासून. आणि गोव्याच्या वाचकाला जवळचे नाव म्हणजे सॅन स्टॉर्म. रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी असलेली ही दोन आसनी मोटार नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली आणि ती तयार झाली ती गोव्यातच. देशभर ती फार थोड्या संख्येने विकली गेली. आज ती पंचविशी गाठलेली, हौशी संग्राहकांनी शोधून काढावी अशी गाडी आहे.

फायबरग्लास विजेला वाट देत नाही. त्यामुळे अशा गाडीत प्रत्येक दिव्याची, प्रत्येक खटक्याची परतीची वाट ही वेगळी तार असते, आणि त्या साऱ्या तारा कुठेतरी एकत्र येऊन लोखंडी चासीला बोल्टने जोडलेल्या असतात. अशा गाडीत खटक्याच्या स्क्रूभोवती घासून काही साधत नाही. तो स्क्रू फायबरमध्येच रुतलेला असतो. येथे शोधायचा तो अर्थचा बोल्ट. एकाच वेळी आतला दिवा मंद, इंडिकेटर अडखळणारे आणि इंधनाचा काटा भलतीकडे, अशी तीन-चार असंबद्ध वाटणारी लक्षणे दिसली, तर तो बोल्ट गंजल्याची जवळजवळ खात्री धरावी. लोखंडी गाडीवर हात बसलेला कारागीर फायबरच्या गाडीत कधी दिव्याची काळी तार ‘जवळच्या स्क्रूला’ जोडून मोकळा होतो. ती जोडणी दिसते नीटनेटकी, पण ती कोठेच जात नाही.

डॅशबोर्डचा अंधार

डॅशबोर्डवरील मापकांचे दिवे हे आतल्या दिव्याचे भाऊ वाटले, तरी त्यांचे घराणे वेगळे. ते पार्किंग दिव्यांच्या सर्किटवर असतात. एमजीबीत लाल तारेवर, आणि पुढे उजेड कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या बटणातून लाल-पांढऱ्या तारेवर. म्हणून डॅशबोर्ड अंधारात असेल तर आधी गाडीमागे जाऊन टेललॅम्प पाहावेत. तेही बंद असतील, तर दोष पार्किंगच्या फ्यूजकडे किंवा दिव्यांच्या मुख्य बटणाकडे. ते चालू असतील, तर संशय त्या फिरत्या बटणावर. त्याच्या आत बारीक तारेचे वेटोळे आणि त्यावर सरकणारी पितळी जीभ असते. वर्षानुवर्षे एकाच जागी राहून तेथे काळा थर जमतो. ते दोन्ही टोकांपर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवले तरी पुष्कळदा काम होते. न झाल्यास त्याच्या दोन तारा तात्पुरत्या एकमेकींना जोडून पाहाव्यात. दिवे लागले, तर गुन्हेगार सापडला.

याहून मनोरंजक बिघाड आहे तो मापकांच्या अर्थचा. स्मिथ्सच्या मापकांत बल्बचे होल्डर मापकाच्या धातूच्या डब्यात खुपसलेले असतात आणि डब्याला मागून काळी तार जोडलेली असते. ही तार सुटली, की वीज परतीची दुसरी वाट शोधते. स्पीडोमीटरमध्येच हेडलाइटच्या प्रखर झोताची निळी खूण असते. डॅशचा प्रवाह मग त्या निळ्या बल्बमधून उलटा, हेडलाइटच्या न पेटलेल्या तंतूवाटे बॉडीकडे जातो. परिणाम असा, की पार्किंग दिवे लावताच डॅश मंद आणि निळी खूण अर्धवट उजळलेली. हे भुताटकीसारखे दृश्य पाहून हेडलाइटचे बटण बदलणारे लोक आहेत. दोष असतो डब्यामागच्या एका काळ्या तारेचा.

न विझणारा दिवा

आता उलट दुखणे. दिवा विझत नाही, आणि पुष्कळदा तो विझत नाही हे कोणाला दिसतही नाही. दाराचा खटका अडकला तर ते निदान काचेतून दिसते. पण डिकीतला किंवा सामानाच्या कप्प्यातला दिवा झाकण मिटल्यावर विझला की नाही, हे बाहेरून कळायचे कसे? त्यावर आजच्या काळातला सोपा उपाय : मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो कप्प्यात ठेवावा, झाकण मिटावे, अर्ध्या मिनिटाने उघडून चित्रीकरण पाहावे.

हिशेब पाहिला म्हणजे यातले गांभीर्य कळते. डिकीतला १० वॉटचा बल्ब ०.८३ अँपिअर ओढतो. चोवीस तासांत ते होतात २० अँपिअर-तास. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल, तर एका दिवसरात्रीत तिचा जवळजवळ अर्धा साठा संपला. दुसऱ्या दिवशी स्टार्टर नुसता टकटकतो. शिशाची बॅटरी अशी दोन-चार वेळा तळाला गेली की तिचे आयुष्य संपते. मालक नवी बॅटरी घेतो, आठवड्यात तीही उतरते, मग दुकानदाराशी भांडण होते आणि डिकीत दिवा तसाच तेवत राहतो.

खात्री करायची रीत अशी. बॅटरीचे अर्थचे टोक सोडवावे आणि ते टोक व बॅटरी यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून धरावा. किल्ली बंद, दारे मिटलेली. बॅटरीपर्यंत पोहोचण्यासाठी दार उघडे ठेवणे भाग असेल (एमजीबीत बॅटरी आसनांच्या मागे असते), तर दाराचा खटका हाताने किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवावा. अशा वेळी स्टार्टर फिरवू नये, मीटर जळेल. घड्याळ आणि रेडिओ असलेल्या जुन्या गाडीत ०.०२ ते ०.०३ अँपिअर दिसले तर ते रास्त आहे. ०.४ किंवा ०.८ दिसले, तर कोठेतरी बल्ब पेटलेला आहे. एकेक फ्यूज काढत जावे, ज्याने आकडा पडेल ते सर्किट दोषी. जाता जाता एक हिशेब : रास्त वाटणारे ०.०३ अँपिअरसुद्धा महिन्याला २१-२२ अँपिअर-तास खातात. जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी सोडवून ठेवणे हे म्हणूनच गरजेचे.

एलईडीची हौस

प्रवाह कमी लागतो म्हणून जुन्या गाडीत एलईडी बसवण्याकडे आता कल आहे. तो वाईट नाही, फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीत आजचा साधा एलईडी लागतच नाही, कारण तो प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. नळीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना टोपण असलेला बल्ब असेल तर तो उलटा बसवून भागते. डॅशमधील पेचाचा बल्ब उलटा बसत नाही, त्यासाठी धन अर्थचा एलईडी मागून घ्यावा लागतो. अशा गाडीत बॅटरी सोडवतानाही अर्थचेच, म्हणजे धन टोक आधी सोडवायचे. पान्हा बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही ती त्यामुळेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डॅशचे सारे बल्ब बदलण्याच्या उत्साहात चार्जिंगची लाल खूण बदलू नये. त्या २.२ वॉटच्या बल्बमधून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला जागे करतो. तेथे एलईडी बसला, तर अल्टरनेटर चार्ज करायला सुरुवात करण्यास टाळाटाळ करतो आणि दिव्याची वीज वाचवायला निघालेला माणूस बॅटरीच रिकामी करून बसतो.

३५ चा फ्यूज

फ्यूज वारंवार जात असेल, तर तो मोठा बसवणे हा उपाय नव्हे, हे सगळेच सांगतात. जुन्या इंग्रजी गाडीत मात्र योग्य आकड्याचा फ्यूजही घात करू शकतो. लुकासच्या फ्यूजवर ३५ लिहिलेले असते. हा आकडा फ्यूज वितळण्याचा आहे. सतत वाहण्याची त्याची क्षमता १७ अँपिअर. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फ्यूजवरचा आकडा सतत वाहण्याच्या क्षमतेचा असतो. ‘जुन्यावर ३५ होते, म्हणून ३५ द्या’ असे म्हणून आणलेला नवा फ्यूज त्यामुळे मूळच्या दुप्पट प्रवाह बिनतक्रार वाहू देतो. आतल्या दिव्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची बारीक तार साधारण आठ-नऊ अँपिअरसाठी असते. ती छताच्या कापडाखाली, आसनांच्या काथ्याजवळून जाते. शॉर्ट झाला, तर फ्यूजआधी तार लाल होईल. उंदराने कुरतडलेल्या तारांच्या बाबतीत ही शक्यता पुस्तकी नाही.

जांभळ्या तारेवर १७ अँपिअरचाच फ्यूज असावा, आणि त्याशिवाय दिव्याकडे जाणाऱ्या फाट्यावर दोन-तीन अँपिअरचा वेगळा फ्यूज तारेतच बसवून घ्यावा. फ्यूज आणि त्याचा होल्डर मिळून खर्च शंभर रुपयांच्या आसपास. मूळच्या नकाशात तो नाही म्हणून काही शुद्धतावादी संग्राहक नाक मुरडतील. तो डॅशमागे दिसत नाही असा लपवता येतो.

संपूर्ण वायरिंग बदलण्याचा सल्ला केव्हा मानावा? तार दोन बोटांत वाकवली असता तिचे आवरण तडकून खाली पडत असेल, किंवा जागोजागी चिकटपट्टीखाली भलत्याच रंगाच्या तारांची ठिगळे दिसत असतील, तर. तशा वेळी जुना गुंडाळा गाडीतून ओढून फेकून देऊ नये. तो सपाट जमिनीवर पसरून, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून, त्याचे फोटो काढून मगच नवा तयार करायला द्यावा. कोणती तार कोठे वळते आणि किती लांब आहे, हे छापील नकाशात नसते. ते फक्त त्या जुन्या गुंडाळ्यालाच ठाऊक असते.